बंदराचे नियमन आणि राज्यांचा अधिकार

संघराज्य पद्धतीत केंद्र आणि राज्ये यांच्यामध्ये अधिकारांची विभागणी झालेली असते. परंतु केंद्राच्या कक्षेतील एखाद्या विषयावर केंद्राने कायदाच केला नसेल, तर राज्याने स्वस्थ बसावे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५२ मध्ये कूली खटल्यात या प्रश्नाचे दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे.

फिलाडेल्फिया बंदर समुद्रापासून बरेच आत, डेलावेअर नदीकाठी वसले आहे. अशा जलमार्गातून जहाज सुखरूप नेण्यासाठी त्याची खडान्‌खडा माहिती असलेला स्थानिक वाटाड्या, म्हणजेच पायलट, लागतो. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १८०३ च्या कायद्यानुसार पायलट न घेणाऱ्या जहाजाला त्याच्या मेहनतान्याच्या निम्मी रक्कम भरावी लागे. ती वृद्ध व विपन्न पायलट, त्यांच्या विधवा आणि मुले यांच्या साहाय्यार्थ खर्च होई. कूली यांनी हा आकार देण्याचे नाकारले. परदेशांशी व राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन घटनेने काँग्रेसकडे, म्हणजे तेथील संसदेकडे सोपविले असल्याने हा कायदा अवैध ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी पायलटविषयक नियम हे व्यापाराचेच नियमन असल्याचे मान्य केले. तथापि व्यापार या एका शब्दात अनेक विषय सामावतात. काहींना देशभर एकच नियम हवा. तेथे अधिकार केवळ काँग्रेसचा. काहींना मात्र स्थानिक गरजेनुसार निरनिराळे नियम हवेत. तेथे काँग्रेस कायदा करीपर्यंत राज्याला वाव आहे. १७८९ च्या कायद्याने काँग्रेसनेही पायलटांचा विषय राज्यांच्या कायद्यांवर ठेवला होता. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाचा कायदा वैध ठरला.

भारतात ही विभागणी घटनेतच नमूद आहे. कायद्यान्वये मोठी म्हणून घोषित झालेली बंदरे केंद्रसूचीत, तर इतर बंदरे समवर्ती सूचीत आहेत. लहान बंदरांसाठी महाराष्ट्राने १९९६ मध्ये सागरी मंडळ स्थापन केले. समवर्ती विषयात दोन कायद्यांमध्ये विसंगती आल्यास अनुच्छेद २५४ अन्वये सामान्यतः संसदेचा कायदा श्रेष्ठ ठरतो.

पंचायतींच्या दृष्टीने येथे एक भेद महत्त्वाचा आहे. राज्याला घटनेने स्वतंत्र विधानाधिकार दिलेला आहे. पंचायतीची कर आकारण्याची सत्ता मात्र राज्याच्या कायद्यातून येते. म्हणून धक्क्यावर किंवा बाजारात नवी आकारणी करण्यापूर्वी तिला मनाई आहे काय, एवढेच पाहून भागत नाही. तसा अधिकार कोणत्या कलमाने दिला आहे, हे प्रथम पाहावे लागते.