गृहस्थाची चार सुखे

बुद्धांचा उपदेश भिक्खूंसाठी आहे, संसारी माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही, असा समज अद्यापही पुष्कळांच्या मनात आढळतो. अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातातील अनणसुत्त वाचले म्हणजे हा समज टिकत नाही. श्रावस्तीचा व्यापारी आणि जेतवनाचा दाता अनाथपिंडिक याला तथागतांनी या सुत्तात गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. आपल्या रोजच्या कामाशी आणि घराशी ती आपण ताडून पाहू.

पहिले अत्थिसुख. अत्थि म्हणजे आहे. घाम गाळून आणि धम्माने मिळविलेले काही आपल्यापाशी आहे, या जाणिवेचे हे सुख. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावकीची कामे करून शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार जावे लागले, त्या आम्हांला घरातील धान्याने भरलेल्या डब्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे भोगसुख. मिळविलेले स्वतः उपभोगावे आणि त्यातून कुशल कर्मही करावे. शोकेसमधील चांगले कप पाहुण्यांसाठी म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि घरची माणसे मात्र कान तुटलेल्या कपातून चहा पितात. त्या चांगल्या कपांतून एका संध्याकाळी सर्वांनी मिळून चहा घ्यावा. शेजारच्या मुलाला एखादी वही घेऊन द्यावी. दोन्ही मिळून भोगसुख होते.

तिसरे अनणसुख, म्हणजे कोणाचेही लहान-मोठे ऋण डोक्यावर नसण्याचे सुख. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला, शेवटचा हप्ता भरून बेबाकीचा दाखला हाती आला, त्या रात्रीची झोप ज्याने अनुभवली त्याला हे सुख समजावून द्यावे लागत नाही. शिक्षणासाठी किंवा घरासाठी विचारपूर्वक घेतलेले कर्ज फिटते आणि मागे काही उभे करून जाते. परंतु चार लोकांत शोभावे म्हणून लग्नात काढलेले कर्ज मांडव उतरल्यावरही अनेक वर्षे घरात राहते. आपल्या समाजात आज हे सुख सर्वांत अधिक धोक्यात आहे, असे आम्हांस वाटते.

चौथे अनवज्जसुख, म्हणजे काया, वाचा आणि मन यांनी निर्दोष वागल्याचे सुख. गवंड्याने ओळंबा लावून सरळ उभी केलेली भिंत, परिचारिकेने वेळेवर दिलेले औषध, कारकुनाने काही न मागता पुढे पाठविलेला अर्ज, ही त्याची साधी रूपे. वसतिगृहात आपल्या पाळीच्या दिवशी आम्ही भांडी स्वच्छ घासून पालथी घालीत असू. कोणी पाहिले नाही तरी मन हलके होई. ते याच सुखाचे पहिले धडे होते. पहिली तिन्ही सुखे या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही बरोबरी करीत नाहीत, असे तथागतांनी म्हटले आहे.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. लहान सुखांत समाधान मानावे, तर अन्यायही मुकाट्याने सोसावा काय? आपल्या पूर्वजांना असेच ‘समाधान’ शिकविले गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. संतुष्टी म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे. बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही. दुःखी माणसाने आपली स्थिती बदलू नये, असेही सांगितले नाही. त्यांनी वीर्य, म्हणजे उद्यमशील पराक्रम शिकविला. अनणसुत्तही हेच दाखविते. चारही सुखे श्रम आणि सदाचार यांतून येतात. आयती कोणाच्याही पदरात पडत नाहीत. ज्याला आपल्या श्रमाचे मोल कळले, तोच त्या श्रमाचा योग्य मोबदलाही निर्भयपणे मागू शकतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. आज रात्री जेवण झाल्यावर मुलांना जवळ घेऊन बसावे आणि घरातील प्रत्येकाने, अगदी लहानानेही, दिवसभरात यांपैकी कोणते सुख आपल्याला लाभले ते सांगावे. एखादे सुख कोणाच्याच वाट्याला आले नसेल, तर ते कशामुळे अडले याचा सर्वांनी मिळून विचार करावा. या शाळेत शिकलेला पाठ घरी चालू ठेवण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाही.