स्नायूंची गंगाजळी

वार्षिक अहवालाची पाने आकड्यांनी भरलेली असतात. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना उपयोगी पडेल असा एखादा वैद्यकीय विषय त्यांच्या जोडीला सोप्या शब्दांत द्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर माझा अधिकार नाही. आपल्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेच येथे मांडतो.

निमित्त घडले ते असे. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजींना दुसऱ्याच दिवशी उभे करण्यासाठी फिजिओथेरपिस्ट गेल्या. आजींचे चिरंजीव संतापून माझ्या कार्यालयात आले. “साहेब, काल ऑपरेशन झालंय आणि आज उभं करताय? चार दिवस विश्रांती तरी मिळू द्या तिला!” त्यांचा राग मायेपोटी होता. मला मात्र समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते शोधताना सॅटेलाइट पेशींची ओळख झाली.

राखीव पेशी

हाडांना जोडलेले आपले स्नायू लांब तंतूंचे बनलेले असतात. प्रत्येक तंतू ही एकच मोठी पेशी असून तीत शेकडो केंद्रके असतात. परंतु ही केंद्रके पुन्हा विभागत नाहीत. मग दुखावलेला स्नायू भरून कसा येतो? १९६१ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, तंतूचे पटल आणि त्यावरील आवरण यांच्यामध्ये दडलेल्या लहान पेशी आढळल्या. तंतूच्या कडेला असलेल्या या पेशींना त्यांनी ‘सॅटेलाइट’ म्हणजे उपग्रह पेशी असे नाव दिले. स्नायूंच्या पुनर्निर्मितीशी त्यांचा संबंध असावा, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला.

एरवी या पेशी सुप्त असतात. स्नायूला इजा झाली किंवा त्यावर नेहमीपेक्षा अधिक भार पडला, की त्या जाग्या होऊन विभागू लागतात. त्यांतील काही जुन्या तंतूत विलीन होऊन त्याला नवी केंद्रके देतात, काही एकमेकींशी जुळून नवा तंतू घडवतात, तर काही पुन्हा सुप्तावस्थेत जाऊन राखीव राहतात. खर्च होत असतानाही मूळ निधी शिल्लक राखण्याची ही व्यवस्था पाहून हिशेबनीस माणूस थक्क होतो.

मात्र सारे श्रेय त्यांचेच नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, या पेशी काढून टाकलेल्या प्रौढ उंदरांचे स्नायू वाढीव भाराने काही काळ वाढले; परंतु इजा झालेले स्नायू भरून येऊ शकले नाहीत. दुरुस्तीसाठी त्यांना पर्याय नाही.

वय आणि अंथरूण

उतारवयात या पेशींची संख्या घटते आणि त्या जाग्या होण्यासही विलंब लागतो. ड्यूशेन या आनुवंशिक आजारात तंतू वारंवार तुटत राहतात. दुरुस्ती अपुरी पडते आणि स्नायूची जागा चरबी व तंतुमय ऊती घेतात. म्हणून अशा रुग्णांनी व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.

अंथरुणातील झीज निराळी. ती मुख्यतः प्रथिनांच्या जमाखर्चात तूट आल्याने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो चरबीविरहित वस्तुमान घटले. उलट, बोस्टन येथील वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या नऊ व्यक्तींनी आठ आठवडे भाराचा व्यायाम केल्यावर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. यात मज्जासंस्थेच्या सरावाचाही वाटा असतो. तरी वय झाले म्हणून स्नायू दाद देत नाही, हा समज त्याने खोटा ठरवला.

आपल्यापुरता बोध

नातेवाइकांना विनंती की, डॉक्टरांनी उठवण्यास सांगितले असता केवळ मायेपोटी रुग्णाला झोपवून ठेवू नये. डाळ, दूध, अंडी असा प्रथिनयुक्त आहार पुरेसा द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

विश्वस्तांपुढे एक कबुलीही द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी अंदाजपत्रक करताना दुसऱ्या फिजिओथेरपिस्टच्या पदावर मी ‘पुढील वर्षी पाहू’ असा शेरा मारला होता. तो खर्च मला टाळण्याजोगा वाटला. यंदा तेच पद मी स्वतः प्रस्तावित केले आहे. देणगीदारांनी या विभागासाठी हात सैल सोडावा, ही नम्र विनंती.

त्या आजी घरी निघाल्या, तेव्हा वॉकर धरून लिफ्टपर्यंत स्वतः चालत गेल्या. चिरंजीव मागून रिकामी चाकांची खुर्ची ढकलत होते.

— प्रशासकीय अधिकारी