दारू सोडणाऱ्याने बसावे कोणापाशी?

गळ्यात माळ पडली की दारू वर्ज्य, हे आपण सर्व जाणतो. पण माळ घातल्यावर ज्याचा पाय घसरला त्याने काय करावे, हे आपण फडावर कधी बोलत नाही. गेल्या आषाढीस आमच्या शहाद्याकडचे एक टाळकरी दिंडीला आले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले, की होळीच्या सुमारास ते पुन्हा प्यायले, माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, आणि "आता कोणत्या तोंडाने विठोबापुढे उभा राहू?" म्हणून घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, पीतच राहिले. शपथ त्यांना मीच घातली होती. शपथ घातली आणि पुढे एकदाही विचारपूस केली नाही. हा दोष माझा.

दारूची तलफ रोज येते आणि माणूस तेव्हा एकटा असतो. त्यातून आपल्या सातपुड्यात मोहाची दारू जन्माला, लग्नाला, मरणालाही लागते. सोडणारा प्रत्येक पंगतीत वेगळा पडतो. म्हणून त्याला दुसरी पंगत हवी.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नव्हे. सन १९३७-३८ मध्ये तळोदा तालुक्यातील मोरवड, म्हणजे आजचे रंजनपूर, येथे गुलाम महाराजांनी आदिवासी बांधवांना दारू सोडा, स्वच्छ राहा असे सांगितले. आरतीसाठी डोंगरातून माणसे लोटली. तेथे लहानथोर सर्वांना 'आप' म्हणत. ज्यांना सावकार-जमीनदार अरे-तुरे करीत, त्यांना कोणीतरी 'आप' म्हणते आहे! दारू सोडायला हा मान किती उपयोगी पडला असेल, याचा विचार करावा. १९३८ साली महाराज गेले, तरी बंधू रामदास महाराजांनी काम पुढे चालविले. माणसे पुन्हा पुन्हा एकत्र येत होती, हे त्यातील मर्म मला वाटते.

आता दूरची एक हकिगत ऐका. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचे गृहस्थ धंद्यात अपयश घेऊन एका हॉटेलात उभे होते. दारू सोडून काही महिने झाले होते, आणि शेजारीच गुत्त्याचा गलका. त्यांनी गावातील धर्मगुरूंना टेलिफोन करून विचारले, की येथे दारूने पिडलेला कोणी आहे काय, मला त्याच्याशी बोलायचे आहे. अशा रीतीने डॉक्टर बॉब भेटले. पाव तास देईन म्हणणारे बॉब कित्येक तास बोलत बसले. या दोघांपासून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी निघाली. उपदेशक कोणी नव्हता, दोघेही पिणारेच होते!

आजही त्यांच्या सभेत तेच चालते. फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पहिले नाव सांगावे, आडनाव, जात, गाव कोणी विचारीत नाही. एकेकजण आपली हकिगत सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी वाद घालीत नाही. पहिल्या दिवशी बोलवत नसेल तर नुसते बसावे. ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. तेथे परमेश्वराचे नाव निघते, पण ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे, तेव्हा माळकऱ्याला अडचण नाही. 'खुल्या' सभेत घरची माणसेही बसू शकतात. पत्नीला व मुलांना स्वतःचे दुःख बोलायला 'अल-ॲनॉन' ही निराळी मंडळी आहे.

सभा शोधावी कशी? केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत टेलिफोन आहे. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयातही विचारावे. जवळची सभा कोठे, कोणत्या वारी, किती वाजता, खुली की बंद, एवढे लिहून घ्यावे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून दर आठवड्याला उतरणे सोपे नाही, हे मी जाणतो. मोबाइलवरही मराठी सभा भरतात. तेही नसेल तर दारू सोडलेला एक जण गाठावा आणि ठरल्या वारी त्याच्यापाशी बसावे. दोघांवरच तर सुरुवात झाली होती.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडू नये. पहिल्या दोनतीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येते, नसलेले दिसू लागते. कधी जिवावरही बेतते. उत्साही मंडळी अशा माणसाला थेट दिंडीत चालवतात, तसे करू नये. आधी डॉक्टर, औषधपाणी, मग सभा.

एकदा सभेला जाऊनही पाय घसरेल. पुढच्या सभेला जावे. तेथे कोणी "पुन्हा कशाला आलास?" म्हणत नाही. आपल्याकडे मात्र म्हणतात, तोंडाने नाही म्हटले तरी नजरेने म्हणतात. टाळकरी परत आले तर त्यांना टाळ द्यावा, कारण विचारू नये.

त्यांच्या घरी मी श्रावणात गेलो. माळ अजून देव्हाऱ्यातच होती. आता आम्ही दोघे मिळून सभेला जातो. मी खुल्या दिवशी, मागच्या बाकावर. सभेची वेळ नेमकी हरिपाठाची येते. त्यांनी विचारले, महाराज, काय करू? मी म्हटले, हरिपाठ एस.टी.त म्हणू, सभा चुकवायची नाही.