मिताहार आणि चंक्रमण

१९७२ च्या दुष्काळात आमच्या वाडवडिलांनी खडी फोडून पोट भरले. म्हणूनच ताटातल्या भाकरीला नको म्हणणे आम्हाला आजही अपराधासारखे वाटते आणि बैठ्या नोकरीत वजन वाढत जाते.

या संदर्भात संयुत्त निकायातील दोणपाक सुत्त अभ्यासण्याजोगे आहे. कोसलनरेश पसेनदी द्रोणभर अन्न खाऊन धापा टाकीत भगवंतांपाशी आला. मात्रा जाणून जेवणाऱ्याच्या वेदना सौम्य होतात, या आशयाची गाथा भगवंतांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करून प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणण्यास नेमले. आहार हळूहळू नाळीभर झाला. शरीर सडपातळ झाले. निर्धार राजाचा होता, परंतु तो टिकला रोजच्या आठवणीमुळे.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. निरोगीपणा व अन्नाचे पचन हे त्यांपैकी दोन.

परतूरला आम्ही काही शिक्षक पहाटे चालतो. रात्रीची एक भाकरी कमी केली आहे. कधी आळस येतो, लग्नाच्या पंगतीत नियम मोडतो. दुसऱ्या पहाटे मात्र सोबती दारात हाक मारतो. तोच आमचा सुदस्सन. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या घरीही असा एक सुदस्सन नेमावा.