नळीतून पोट भरतं, मग वजन का घटतं?

प्रश्न : पक्षाघातानंतर वडिलांना (वय ७१) नाकातून नळी घातली आहे. भाताची पेज आणि वरणाचं पाणी दर दोन तासांनी देतो, तरी ते खंगत चालले आहेत. काय चुकतंय?

उत्तर : तुमची सेवा नाही, पेज चुकते आहे. गाळलेल्या पेजेत बहुतेक पाणीच असतं. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी लागतात; त्या पाण्यातून कशा मिळणार? दुधात शिजवलेलं नाचणीसत्त्व, दूधपावडर, चमचाभर तेल घाला. पाच मिलीलीटर तेलातच साधारण ४० कॅलरी असतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी आहारतज्ज्ञांना विचारा. बरेच दिवस उपासमार झाली असेल, तर प्रमाणही त्यांच्या सल्ल्यानेच हळूहळू वाढवा. एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातले क्षार धोकादायकरीत्या घसरू शकतात.

आणि आडवं झोपवून कधीही भरवू नका! डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी, नंतरही तासभर. अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. नळी महिना-दीड महिन्याहून अधिक लागणार असेल, तर पोटातून थेट नळी बसवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.