जिनिव्हा अर्ध्या दिवसात उरकू नये

भाचा जिनिव्हात नोकरीला लागला तेव्हापासून उन्हाळा जवळ आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "तुमचं तिकडे जाणं-येणं असतं, जरा सांगा ना." दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढते. माझं मत आधीच सांगते. गाव महाग आहे, यात वाद नाही. पण तिथल्या लोकांनी स्वतःसाठी जे राखून ठेवलंय ते स्वस्त आहे, काही तर फुकट आहे, आणि गावातलं उत्तम तेच आहे. आखणी त्याच्याभोवती करावी.

१. अर्धाच दिवस देणार असाल तर जिनिव्हा यादीतून काढा. आपल्याकडच्या सहलींची बस सरोवराकाठी थांबते. समोर कारंजं, मागे फुलांचं घड्याळ, फोटो काढा, चला. एवढ्यासाठी जाण्याची गरज नाही. तीन-चार रात्री काढता येत असतील तर बोला.

२. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या शेंगेन देशात जास्त रात्री काढणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. फी मोठ्या माणसाला ९० युरो आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. जिनिव्हा तीन बाजूंनी फ्रान्सने वेढलेलं आहे, पण दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे ट्राममधून उतरून पलीकडे चालत जाता येतं. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, कधीमधी तपासतात.

३. आधी वार पाहा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि तीच कोणी विचारत नाही. जिनिव्हा हे परिषदांचं आणि बँकांचं गाव. सोमवार ते गुरुवार हॉटेलं सूट-टायवाल्यांनी भरलेली, शुक्रवारपासून दर उतरतात. एप्रिलमध्ये घड्याळांचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा तर विचारूच नका. त्यामुळे शुक्रवारी पोचावं.

शनिवारी सकाळी प्लेनपालेच्या मैदानावर जुनाबाजार भरतो. पितळी कंदील, कोणाच्या तरी आजीच्या बश्या, बंद पडलेली घड्याळं, सगळं तिथे. त्याच संध्याकाळी किराणा भरून ठेवा, कारण रविवारी दुकानं बंद. नुसती बंद नव्हे, रस्ते ओस. "आत्या, दूध शनिवारीच आणायचं हं," असं भाचेसून मला पहिल्यांदा म्हणाली तेव्हा हसू आलं होतं. आता मीच इतरांना सांगते. अडलंच तर रेल्वे स्टेशनातली आणि विमानतळावरची दुकानं उघडी असतात. रविवार बाहेरगावासाठी ठेवा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद आणि संयुक्त राष्ट्रांची कचेरी उघडी, म्हणून सोमवार तिच्यासाठी.

४. हॉटेलात, हॉस्टेलात किंवा कॅम्पिंगला उतरलात की गावातल्या प्रवासाचं कार्ड मोफत मिळतं. बहुतेक हॉटेलं ते आधीच ईमेलने पाठवतात. बस, ट्राम, गावातल्या गाड्या आणि सरोवरातल्या छोट्या पिवळ्या होड्या, सगळं त्यात आलं. विमानतळावरून कोर्नव्हँ या मुख्य स्टेशनाला रेल्वेने सात मिनिटं लागतात, टॅक्सीचा विचारही करू नका. कोणाच्या घरी भाड्याने खोली घेणार असाल तर कार्ड मिळेल का, ते आधी विचारा. पैसे वाचवायला काहीजण फ्रान्सच्या बाजूला, आनमासला राहतात. २०१९च्या डिसेंबरात लेमान एक्सप्रेस सुरू झाल्यापासून ते सोयीचंही झालंय. पण तिथे जिनिव्हाचं कार्ड नाही, तेव्हा हिशेब रोजचं तिकीट धरून मांडा.

५. कारंजं वाऱ्यावर चालतं. म्हणजे वारा फार झाला की ते बंद करतात. एरवी १४० मीटर उंच, सेकंदाला ५०० लिटर पाणी. ईशान्येकडून 'बीझ' नावाचा गार वारा सुटला की दिसेलच याची हमी नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी दिसलं तर पाहून घ्या. मला त्याच्या उंचीपेक्षा त्याचा जन्म आवडतो. १८८६ साली ऱ्होन नदीवर पाण्याच्या दाबावर कारखाने चालवणारं केंद्र होतं. संध्याकाळी कारागिरांनी यंत्रं थांबवली की दाब वाढायचा, तो सोडायला एक झडप ठेवली होती आणि तिच्यातून पाणी उंच उडायचं. लोक बघायला जमू लागले. १८९१ मध्ये ते मुद्दाम सरोवरात आणून बसवलं. गावाची ओळख झालेली वस्तू मुळात सुटी झाल्याची खूण होती!

६. पाकीचे स्नानघाट. यावर जरा जास्त लिहिते, कारण गाव कळायचं असेल तर ते इथे कळतं.

सरोवराच्या उजव्या काठाला, झगमगीत हॉटेलांच्या रांगेसमोर, पाण्यात शिरलेला एक धक्का आहे. टोकाला पांढरा दीपस्तंभ, अलीकडे १९३२ साली बांधलेले काँक्रीटचे साधे ओटे, कपडे बदलायच्या खोल्या, उड्या मारायचा मनोरा. समोरच्या हॉटेलात एका रात्रीचे जे पैसे पडतात त्यात आपलं लग्नाचं केळवण होईल. इथे उन्हाळ्यात आत यायला दोन फ्रँक. १९८०च्या दशकात नगरपालिका हे पाडून नवं काही बांधणार होती. लोकांनी सह्या गोळा केल्या, १९८८ मध्ये मतदान झालं आणि घाट वाचले. आज तिथे बँकेतला साहेब आणि रस्ता झाडणारा एकाच ओट्यावर ऊन खात पडलेले असतात.

आपल्या बायका पोहण्याच्या कपड्यांवरून संकोचतात. तिथे कोणी बघत नाही, हे स्वतः जाऊन बसल्याशिवाय पटत नाही. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय सोडून बसते. शेजारी सत्तरीची बाई केसांना रबरी टोपी घालून शिडीवरून उतरते, दोन्ही हातांनी पाणी खांद्यावर घेते, एकदा मोठ्याने श्वास सोडते आणि सरळ दूरच्या तराफ्याकडे निघते. परतल्यावर नळाखाली अंग खळखळून धुते. ते तुम्हीही करा. ऐन उन्हाळ्यात या पाण्यात बदकांच्या शरीरात वाढणाऱ्या परजीवींच्या सूक्ष्म अळ्या असतात आणि त्यांनी अंगाला खाज सुटते.

उन्हाळ्यात काही दिवस पहाटे सहाला इथे गाण्याच्या मैफली होतात. थंडीत तर वेगळीच मजा. वाफेची खोली, सॉना, आणि बाहेर आलं की थंडगार सरोवर. मंगळवार फक्त बायकांचा. उपाहारगृहात लांब बाकांवर अनोळखी लोकांशेजारी बसून जेवायचं. रोजचा एक पदार्थ पाटीवर लिहिलेला असतो, आणि थंडीत वितळलेल्या चीजचं फाँड्यू.

७. खाण्याचं. साध्या हॉटेलात मुख्य पदार्थ पंचवीस-तीस फ्रँकला पडतो, तेव्हा दुपारी 'प्ला द्यु जूर', म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं ताट घ्या आणि रात्री हलकं खा. कडक शाकाहारी असाल तर फाँड्यूत पांढरी वाइन असते, आणि ग्रुयेर चीज प्राण्यांच्या जठरातल्या विरजणाने बनतं. मला चालतं, माझ्या जाऊबाईंना चालत नाही. त्या खाकरा आणि मेतकूट-भातावर आनंदात असतात. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नका. आपल्याकडून दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. पाण्याची बाटली विकत घेणं हा वेडेपणा आहे. चौकाचौकात दगडी हौद आहेत, 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी नसेल तर खुशाल भरा. आणि दुकानात शिरताच आधी 'बोंझूर' म्हणा. न म्हणता थेट भाव विचारलात तर समोरचा चेहरा जरा आक्रसतो.

८. जुन्या गावात चढ आहे, बूट चांगले घाला. सें पिएर कॅथेड्रलमध्ये धर्मसुधारक काल्व्हिनची लाकडी खुर्ची आहे. चित्रं-मूर्ती शोधू नका, धर्मसुधारकांनी त्या काढून टाकल्या. उत्तरेच्या मनोऱ्याच्या १५७ पायऱ्या चढल्या की छपरांवरून सरोवर दिसतं. उतरताना ला त्रेय्यच्या गच्चीवर १२० मीटरचा लाकडी बाक आहे, तिथे दम खा. तिथल्या एका चेस्टनटच्या झाडाला पहिली पालवी फुटली की सरकारी अधिकारी तारीख नोंदवतो आणि वसंत आल्याचं जाहीर होतं. १८१८ पासून ही नोंद चालू आहे.

डिसेंबरात जाणार असाल तर बारा तारखेच्या जवळचा शनिवार-रविवार साधा. १६०२ साली त्या रात्री सव्हॉयच्या ड्यूकचं सैन्य शिड्या लावून तटावर चढलं आणि जिनिव्हाकरांनी त्यांना खाली लोटलं. मेर र्‍वायोम नावाच्या बाईने उकळत्या सुपाचं भांडं वरून ओतलं म्हणतात. म्हणून चॉकलेटचं भांडं घरातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात धाकटा मिळून फोडतात. आपण रात्री दोर लावून गड चढणाऱ्यांचे पोवाडे ऐकत वाढलो. इथे चढणारे हरले आणि उत्सव तट राखणाऱ्यांचा, हे पचायला मला जरा वेळ लागला.

९. संयुक्त राष्ट्रांची इमारत आतून पाहायची तर आधी नोंदणी करा, पासपोर्ट लागतो. समोरच्या चौकात तीन पायांची बारा मीटर उंच खुर्ची आहे. भूसुरुंगांत पाय गमावलेल्यांसाठी ती १९९७ मध्ये उभी केली. मुलं बरोबर असतील तर १८ नंबरच्या ट्रामने शेवटपर्यंत, सर्न या संशोधनसंस्थेला जा. २०२३ मध्ये उघडलेलं तिथलं विज्ञानकेंद्र फुकट आहे, सोमवारी बंद. भारताने २००४ साली दिलेला नटराज मात्र संशोधकांच्या आवारात आहे, रस्त्यावरून दिसत नाही. त्याच्यासाठी हट्ट धरू नका.

१०. रविवारी शियोंचा किल्ला. माँत्रपर्यंत रेल्वेने तासभर लागतो. जाताना उजवीकडच्या खिडकीत बसा, सरोवर त्या बाजूला आहे. माँत्रपासून काठाने चालत जावं, वाट सपाट आणि फुलांनी भरलेली. जिनिव्हापासून सबंध अंतर बोटीने जायचा मोह होतो, पण त्यात दिवस संपतो. परतताना व्हेव्हे ते लोझान एवढाच टप्पा जुन्या वाफेच्या धाटणीच्या चाकाच्या बोटीने करा. लाव्होचे द्राक्षमळे पायऱ्या-पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरलेले दिसतात. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोटही त्यातच.

११. ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांच्यासाठी. श्यामजी कृष्णवर्मा १९१४ पासून जिनिव्हात राहिले आणि ३० मार्च १९३० रोजी तिथेच गेले. लंडनचं इंडिया हाऊस त्यांचं. टिळकांच्या शिफारशीने सावरकर १९०६ मध्ये तिथे पोचले, तेही श्यामजींनी जाहीर केलेल्या शिष्यवृत्तीवर. श्यामजी आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाई यांच्या अस्थी सें जॉर्जच्या दफनभूमीत जपून ठेवल्या होत्या, त्या २००३ मध्ये भारतात आणल्या. त्या दफनभूमीपासून जरा खाली आर्व्ह आणि ऱ्होनचा संगम आहे. तो चुकवू नका. सरोवरात गाळ टाकून आलेली ऱ्होन निळीहिरवी, आणि डोंगरातून थेट आलेली आर्व्ह दुधाळ राखाडी. वरच्या रेल्वेपुलावरून पाहिलं तर दोन्ही पाणी बराच वेळ एकमेकांशेजारून जातात, मधली रेघ स्पष्ट दिसते. तिकीट नाही, रांग नाही, सहलीच्या बसही नाहीत.

१२. खरेदी. चॉकलेट सरोवराकाठच्या काचेच्या दुकानात पाहावं आणि मिग्रो किंवा कोऑपसारख्या सुपरमार्केटात घ्यावं. लाल चाकू घेतलात तर चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवलेला विमानतळावरच राहतो. मे महिन्यात मुंबईला उतरणार असाल तर चॉकलेट स्वेटरात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, आणि घरी पोचल्यावर आधी ते फ्रिजमध्ये, मग चहा.