दहशतीचे प्रदर्शन आणि कायद्याचे कुंपण : अमेरिकेतील राज्यांचे कायदे व आपला इतिहास

निर्भय वावर हा नागरिकत्वाचा पहिला अर्थ होय. मताचा अधिकार, शिक्षणाचा अधिकार, मालमत्तेचा अधिकार हे सर्व कागदावर असूनही ज्याला आपल्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहताना भीती वाटते, तो माणूस नागरिक झालेला नसतो. म्हणूनच ज्या समाजात एका समूहाने दुसऱ्या समूहाला पिढ्यान्‌पिढ्या धाकात ठेवले, त्या समाजात धाकाविरुद्धच्या कायद्याचा इतिहास हा समतेच्या इतिहासाचाच भाग ठरतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही राज्यांनी अलीकडे केलेले असे कायदे आणि त्यांची पूर्वपीठिका विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, आणि त्या प्रकाशात आपल्या चळवळीकडे पाहावे, हा या लेखाचा हेतू आहे.

तीन संज्ञा

या कायद्यांत तीन संज्ञा वारंवार येतात. पहिली धाकदपटशा : एखाद्याच्या जीविताला, शरीराला वा मालमत्तेला अपाय होईल अशी भीती हेतुपुरस्सर निर्माण करणे. दुसरी अतिक्रमण : दुसऱ्याच्या जागेत त्याच्या संमतीवाचून शिरणे वा सांगूनही तेथून न हटणे. तिसरी विनापरवाना प्रदर्शन : दुसऱ्याच्या वास्तूवर वा जागेवर त्याच्या अनुमतीवाचून चिन्ह, मजकूर किंवा प्रतिमा लावणे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एक विशिष्ट गुन्हा घडतो. रात्री कोणाच्या तरी अंगणात एक चिन्ह उभे राहते, आणि सकाळी त्या घरातील मुलांना शाळेत पाठवावे की नाही, असा प्रश्न आईबापांना पडतो.

अलीकडील दोन कायदे

कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये असा एक कायदा संमत केला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो अमलात आला. त्या राज्यात तीन चिन्हांच्या दहशतवादी वापरास पूर्वीच बंदी होती : जळता क्रूस, फाशीचा दोर आणि नाझी चिन्ह. मात्र कोणत्या जागी कोणते चिन्ह लावल्यास किती शिक्षा, यात विसंगती होती. नव्या कायद्याने ती दूर केली आणि खासगी जागेबरोबरच शाळा, महाविद्यालये, दफनभूमी, प्रार्थनास्थळे व सार्वजनिक ठिकाणे यांनाही तिन्ही चिन्हांपासून सारखे संरक्षण दिले.

या कायद्यातील एक तपशील बौद्धांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. नाझींचे चिन्ह 'हाकेनक्रॉइझ' म्हणजे आकडेदार क्रूस होय. बौद्ध, जैन व हिंदू परंपरांतील प्राचीन स्वस्तिकाशी त्याची गल्लत करू नये, असे त्यात स्पष्ट केले आहे. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांजवळ स्वस्तिक कोरलेले आढळते. तेथे ते मंगलसूचक आहे. चिन्हाचा अर्थ त्याच्या रेषांत नसतो, ते कोणी, कोठे व कोणाला उद्देशून उभारले यात असतो. हा भेद कायद्यात उतरावा, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा कायदा फ्लोरिडा राज्याचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील जॅक्सनविल शहरात फुटबॉल सामन्याच्या वेळी क्रीडागाराच्या वास्तूवर ज्यूविरोधी मजकूर प्रकाशझोताने उमटवण्यात आला. भिंतीला रंग लागला नाही, काही फुटले नाही. तेव्हा प्रचलित कायद्याने गुन्हा कोणता म्हणायचा, हा पेच होता. एप्रिल २०२३ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने मालकाच्या लेखी संमतीवाचून वास्तूवर प्रतिमा उमटवणे हा गुन्हा ठरवला. धार्मिक वा वांशिक वारशाचे चिन्ह धारण केले म्हणून एखाद्याला धमकावणे, धमकावण्याच्या हेतूने विद्यापीठाच्या आवारात शिरून सांगूनही न हटणे, खासगी अंगणात पत्रके फेकणे, हेही त्यात आले. अशा कृत्यांत खरी वाटावी अशी धमकी असेल, तर गुन्ह्याची प्रत वाढते.

पूर्वपीठिका : मुखवटा आणि जळता क्रूस

हे कायदे अकस्मात आलेले नाहीत. १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टेनेसी राज्यातील पुलास्की गावी पराभूत दक्षिणी सैनिकांनी 'कू क्लक्स क्लॅन' स्थापन केली. चौदाव्या घटनादुरुस्तीने १८६८ मध्ये कृष्णवर्णीयांना नागरिकत्व दिले, पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये पुरुषांना मताधिकार दिला. आणि क्लॅनने मुखवटे चढवून रात्रीच्या स्वाऱ्यांनी ते दोन्ही हिरावून घेण्याचा उद्योग आरंभिला. काँग्रेसने एप्रिल १८७१ मध्ये खास कायदा केला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्याच वर्षी दक्षिण कॅरोलिनातील नऊ काउंट्यांमध्ये बंदीप्रत्यक्षीकरणाचा अधिकार स्थगित करून शेकडो जणांना अटक करविली, आणि क्लॅन मोडली. म्हणजे शासनाची इच्छा असेल तेव्हा दहशत मोडता येते.

परंतु ती इच्छा टिकली नाही. १८७७ मध्ये संघराज्याचे सैन्य दक्षिणेतील पहाऱ्यावरून हटले. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७१ च्या कायद्यातील एक महत्त्वाचे कलम आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्याची मुख्य कलमे रद्द ठरवली. चौदावी दुरुस्ती राज्यशासनाच्या कृतीस बांधते, खासगी व्यक्तींच्या कृतीस नव्हे, असा तर्क त्यामागे होता. खासगी अत्याचारास मोकळे रान मिळाले. १९१५ मध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटनवर दुसरी क्लॅन उभी राहिली आणि जळता क्रूस हे तिचे चिन्ह झाले.

मग राज्यांनी आपापले कायदे केले. न्यूयॉर्कने १९२३ मध्ये अशा गुप्त संघटनांना सभासदांची यादी सादर करणे सक्तीचे केले. अलाबामाने १९४९ मध्ये आणि जॉर्जियाने १९५१ मध्ये मुखवट्यांवर बंदी घातली. व्हर्जिनियाने १९५२ मध्ये धमकावण्याच्या हेतूने क्रूस जाळण्यास मनाई केली.

न्यायालयाची कसोटी

अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीने मतप्रदर्शनास अतिशय व्यापक संरक्षण दिले आहे. त्यामुळे प्रश्न उभा राहिला : क्रूस जाळणे हे मत आहे की धमकी ?

१९९० मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल शहरी काही तरुणांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंगणात क्रूस जाळला. शहराच्या ज्या अध्यादेशाखाली खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये रद्द केला. विशिष्ट विषयांवरील विद्वेष तेवढाच दंडनीय ठरवणे म्हणजे शासनाने मतांमध्ये निवड करणे होय, असा निर्णय झाला. कृत्य निंद्य होते आणि अन्य कायद्यांनी त्यास शिक्षा होऊ शकली असती, हेही न्यायालयाने नमूद केले.

२००३ च्या व्हर्जिनिया प्रकरणात अधिक स्पष्टता आली. तेथे दोन घटना एकत्र विचारार्थ होत्या. एका घटनेत दोघांनी कृष्णवर्णीय शेजाऱ्याच्या अंगणात क्रूस जाळण्याचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या घटनेत क्लॅनच्या मेळाव्यात, जमीनमालकाच्या संमतीने, क्रूस जाळला गेला होता. धमकावण्याच्या हेतूने क्रूस जाळण्यास राज्य बंदी घालू शकते, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र 'क्रूस जाळला, एवढ्यावरूनच हेतू सिद्ध' असे मानण्याची मुभा देणारे कलम घटनाबाह्य ठरवले आणि मेळाव्यातील आरोपीची शिक्षा रद्द झाली. हेतू गृहीत धरता येत नाही, तो सिद्ध करावा लागतो.

क्लॅनच्या माणसाची शिक्षा रद्द व्हावी, हे वाचून आपल्या मनास टोचते. टोचावेच. तरीही या कसोटीचा स्वीकार आपण का करावा, हे पुढील इतिहासावरून दिसेल.

तीच संज्ञा, उलटे शस्त्र

१ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहार-मेजाशी जाऊन बसले. त्यांना वाढण्यास नकार मिळाला. ते उठले नाहीत. हे लोण दक्षिणेत पसरताच व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याच महिन्यात अतिक्रमणाविरुद्धचे कायदे कडक केले. ज्या राज्याने १९५२ मध्ये क्रूस जाळण्यास बंदी घातली, त्यानेच १९६० मध्ये शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांना 'अतिक्रमण करणारे' ठरवले. १९६१ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या राजधानीत फलक घेऊन निघालेल्या १८७ निदर्शकांना शांतताभंगाखाली दोषी ठरवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये त्यांची मुक्तता केली. क्लॅनकडून सभासदांची यादी मागण्याचा न्यूयॉर्कचा अधिकार न्यायालयाने १९२८ मध्ये मान्य केला होता. त्याच मार्गाने अलाबामाने कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटनेची यादी मागितली, तेव्हा १९५८ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. यादी उघड होणे म्हणजे सभासदांवर सूड ओढवणे होते.

यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट शिकावी. कायद्यातील शब्द स्वतःहून कोणाच्याही बाजूचे नसतात.

महाड : अतिक्रमणाचा आरोप कोणावर ?

हाच अनुभव आपल्या वाट्याला त्यापूर्वी तेहतीस वर्षे आला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी पाणी घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे डिसेंबरमध्ये स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला की तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे येण्याचा हक्क नाही. मारणारे फिर्यादी झाले आणि तहानलेले अतिक्रमक ठरले. न्यायालयाने मनाईहुकूम दिला. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढा न्यायालयात नेला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला : तळे खासगी नाही आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढीही सिद्ध झालेली नाही.

२५ डिसेंबर १९२७ च्या मनुस्मृतिदहनाकडे याच दृष्टीने पाहावे. क्रूस जाळणे आणि ग्रंथ जाळणे यांत फरक काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांना कोणीतरी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्यापाशी असावे. परिषदेसाठी जागा मिळू नये असा प्रयत्न झाला होता. फत्तेखान यांनी आपली जागा दिली. म्हणजे मालकाची संमती होती. कोणाच्या दारात जाऊन दहन केले नाही, कोणा व्यक्तीस अपायाची भीती घातली नाही. विषमतेला धर्माज्ञेचे रूप देणाऱ्या संहितेचा तो जाहीर निषेध होता. जागा, संमती आणि हेतू या तिन्ही कसोट्यांवर तो मतप्रदर्शन ठरतो. पण ही कसोटी आपल्यासाठी हवी असेल, तर ती सर्वांसाठी मान्य करावी लागते. म्हणूनच व्हर्जिनियाचा निर्णय टोचला तरी समजून घ्यायचा.

बाबासाहेबांनी घेतलेला धडा

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. त्या देशाचा इतिहास त्यांनी किती बारकाईने वाचला होता, हे १९३० च्या गोलमेज परिषदेपुढे त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी ठेवलेल्या संरक्षण-योजनेवरून कळते. समान हक्कांच्या भंगास शिक्षा असावी, या मागणीसाठी त्यांनी अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार दिला. त्याहून मोलाचे म्हणजे ते तेथे थांबले नाहीत. बहिष्कार घालणे, त्यास चिथावणी देणे आणि बहिष्काराची धमकी देणे, हे तीन स्वतंत्र गुन्हे असावेत, असे त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे सुचवले. आपल्याकडे धाक घालण्यास मुखवटा लागत नाही, हे ते जाणून होते. दुकानदाराने माल नाकारला, शेतमालकाने काम नाकारले, की वस्ती गुडघ्यावर येते.

अमेरिकेत खासगी अत्याचार घटनेच्या कक्षेबाहेर राहिला. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात मात्र 'शासनाने' असा शब्द नाही. अस्पृश्यता पाळणारा कोणीही असो, तो त्या मनाईखाली येतो. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच पायावर उभे आहेत. १९८९ च्या कायद्यात आपल्या तिन्ही संज्ञा आढळतात : लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अपमान वा धाकदपटशा करणे, अपमानाच्या हेतूने आवारात मेलेली जनावरे वा घाण टाकणे, जमिनीवर बेकायदा ताबा घेणे. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कार व त्याची धमकीही त्यात आली. १९३० ची मागणी केंद्रीय कायद्यात उतरण्यास पंचाऐंशी वर्षे लागली.

समारोप

राज्य कोणतेही असो, असा कायदा पुढे आला की विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. भीती कोणाला घातली जात आहे ? जागा कोणाची, आणि ती खरोखर खासगी आहे का ? हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे ? आणि उद्या सत्ता बदलली, तर याच शब्दांनी दुर्बलांची सभा, त्यांचा फलक, त्यांचा मोर्चा अडवता येईल का ? पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले तर दहशत मोकाट सुटते. चौथ्याकडे केले तर चळवळ बंदिस्त होते.

ज्यांना ना तळे होते ना व्यासपीठ, त्यांनी कायद्याचा मजकूर वाचण्यास शिकावे, ही बाबासाहेबांच्या आयुष्याची शिकवण आहे. या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने निदान एक कायदा मुळातून, कलमागून कलम वाचलेला असावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १८८३ च्या अमेरिकन निर्णयांच्या तुलनेत भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाचे वेगळेपण स्पष्ट करा.

२. 'चिन्हाचा अर्थ त्याच्या वापरावर अवलंबून असतो' हे विधान स्वस्तिक व जळता क्रूस यांच्या आधारे विशद करा.

३. ग्रीन्सबरो (१९६०) आणि महाड (१९२७) येथील सत्याग्रहांतील साम्य व भेद सांगा.

४. आपल्या गावातील सार्वजनिक पाणवठा, स्मशानभूमी व सभागृह कोणाच्या मालकीचे आहे, याची ग्रामपंचायतीच्या दप्तरातून माहिती मिळवून टिपण लिहा.